वाढत्या घोडीच्या पाठीवर चौदा महिने: बदलत्या गलेटच्या खोगिराचं परीक्षण

खोगीर उतरवलं तेव्हा रेवाची पाठ घामाने भिजलेली होती, आणि त्या ओल्या ठशात खांद्यांच्या मागे, दोन्ही बाजूंना, तळहाताएवढे दोन कोरडे चट्टे होते. जेमतेम अर्धा तास दुडकी चाल झाली होती. मी त्या कोरड्या जागेवर बोटांनी हलकेच दाबलं. तिने पाठ खाली सोडली, कान मागे टाकले आणि मान वळवून माझ्या हाताकडे बघितलं. त्याआधीचे दोन महिने मी तिला अडेलतट्टू म्हणत होते. तो शब्द त्या दिवशी सुटला तो सुटलाच.

रेवा माझी कुमैत घोडी. तेव्हा सव्वाचार वर्षांची होती, उंची 147 सेंटीमीटर, छाती अरुंद. मानेच्या मुळाशी दोन्ही खांद्यांच्या मधे जो उंचवटा असतो, ज्याला आपण सगळे विदर्स म्हणतो, तो नुकता कुठे वर यायला लागला होता. मी वीस वर्षं घोड्यावर बसते आहे, पण ते सगळे तयार घोडे. कोरं जनावर हाती घेऊन त्याला स्वारीपर्यंत आणायची ही पहिलीच वेळ. लगामाची सवय, लाँजवरचं (लांब दोरीवर गोल फिरवण्याचं) काम, लांब दोऱ्यांनी मागून हाकणं, पाठीवर आधी नुसता पट्टा आणि मग वजन, या सगळ्याचा मी महिनोन् महिने अभ्यास केला. खोगिराचा मात्र केला नाही, आणि त्याची किंमत तिने मोजली.

पहिलं खोगीर वापरलेलं होतं. चामड्याचं, मऊ, तेलपाणी करून राखलेलं. विकणाऱ्याने सांगितलं, "मिडियम आहे, बहुतेक सगळ्यांना बसतं." मी त्यावर बसून पाहिलं, सतरा इंची बैठक मला नेमकी बसली आणि मी ते घेतलं. आता कळतं की तो सतराचा आकडा फक्त माझ्यापुरता होता. घोडीला लागणारं माप म्हणजे गलेटची, म्हणजे खोगिराच्या पुढच्या कमानीखालच्या पोकळीची, रुंदी, सांगाड्याचा कोन, गाद्यांची लांबी आणि वळण. त्यातलं एकही मी घेतलं नव्हतं. शिवाय मिडियम हे काही ठरलेलं प्रमाण नाही. एका कंपनीचं मिडियम दुसरीच्या नॅरोएवढं निघतं.

तिने पहिल्या आठवड्यापासून सांगायला सुरुवात केली होती. तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळताना पोट फुगवायची, दात करकरवायची. मग डाव्या हाताला वळताना मधेच थबकायला लागली. मग एके दिवशी धावेत जाताना मागचे पाय झाडले. वयात येतेय, परीक्षा घेतेय, पुढे काढा, असं ज्यांनी त्यांनी सांगितलं आणि मी पुढे काढत राहिले. कोरडे चट्टे दिसले नसते तर अजून किती दिवस काढलं असतं, हा विचार आजही सुखाचा नाही.

खोगीर बसवून देणारे जे काका आले, त्यांनी पहिली पंधरा मिनिटं खोगिराला हातच लावला नाही. घोडी सपाट जागी चौरस उभी केली, मागे स्टूल ठेवून वर चढले आणि वरून दोन्ही खांदे सारखे आहेत का ते बघितलं. उजवा किंचित भरलेला निघाला. मग वाकवली की तशीच राहणारी रबरी पट्टी काढली आणि तीन ठिकाणी पाठीवर दाबून तिचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून घेतला: खांद्याच्या हाडामागे दोन बोटं सोडून, पाठीच्या सगळ्यात खोल जागी, आणि शेवटच्या बरगडीपाशी. ती शेवटची बरगडी त्यांनी माझ्याच बोटांनी शोधायला लावली. कुशीच्या खळग्याच्या पुढे बोट टेकवायचं, बरगडीची कड लागली की तिच्या कलाने वर वर कण्यापर्यंत जायचं. घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात. खोगिराचा भार अठराव्या बरगडीच्या मणक्यापर्यंतच यायला हवा; त्याच्या मागे कंबर, आणि तिथे खालून बरगड्यांचा आधार नाही. माझं सुंदर चामड्याचं खोगीर त्या रेघेच्या मागे चांगलं तीन बोटं गेलेलं होतं.

मग ते म्हणाले, "अंगठी काढा ताई, आणि हात सपाट करून इथे घाला."

खोगीर नमद्याशिवाय, म्हणजे खालच्या कापडाशिवाय, पाठीवर ठेवलेलं, तंग हलकासा आवळलेला. मी पुढच्या गादीखाली हात सरकवला. घोडी उभी होती तोवर काहीच वाटलं नाही, घट्ट होतं इतकंच. त्यांनी मोतद्दाराला घोडी चालवायला सांगितली. तिने डावा पाय पुढे टाकला, आणि खांद्याचं रुंद, चपटं हाड कातडीखालून मागे सरकत आलं आणि माझी बोटं हाड आणि सांगाड्याचं टोक यांच्यामध्ये चेपली. दुसऱ्या पावलाला पुन्हा. तिसऱ्या पावलाला मी हात ओढून काढला. नखं पांढरी पडली होती.

"आता यावर तुमचे साठ-पासष्ट किलो ठेवा," ते म्हणाले, "आणि दुडकीला मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजा."

घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत, नुसत्या स्नायूंनी टांगलेले आहेत. म्हणून पाय पुढे गेला की खांद्याचं हाड वरच्या टोकाला मागे फिरतं. खोगीर या हाडाच्या मागे ठेवायचं, वर नाही. मी वर ठेवत होते, कारण तसंच छान दिसायचं आणि तिथेच ते अडकून स्थिर राहायचं. सांगाडा अरुंद असल्यामुळे त्याची दोन टोकं चिमट्यासारखी खांद्यामागच्या स्नायूत रुतत होती. कोरड्या चट्ट्यांचं कारण तेच. पण एक इथे सांगायला हवं, कारण मीही अर्धवट ज्ञानावर होते. कोरडी जागा दोन कारणांनी दिसते: दाब इतका की तिथे घामच फुटत नाही, किंवा खोगीर तिथे टेकतच नाही. नुसतं बघून फरक कळत नाही. केस चपटे बसलेत का विस्कटलेत ते बघायचं आणि बोटांनी दाबून घोड्याला विचारायचं. रेवाचं उत्तर मला आधीच मिळालेलं होतं.

मी त्यांना विचारलं की मापाचं नवं शिवून घेऊ का. ते नको म्हणाले, आणि हे त्यांचं धंद्याच्या विरुद्ध बोलणं मला अजून आठवतं. या वयात घोडा थांबत नाही. आधी पुठ्ठे, म्हणजे पाठीमागचा ढुंगणाचा भाग, वर येतात, मग विदर्स, मग पुन्हा पुठ्ठे. कण्याच्या मणक्यांची वाढ शरीरात सगळ्यात शेवटी पुरी होते, साधारण साडेपाच-सहा वर्षांपर्यंत ती चालू असते. त्यात काम सुरू झालं की पाठीचे स्नायू भरतात आणि आजची अरुंद पाठ वर्षात रुंद होते. आजच्या मापाचं शिवलेलं खोगीर सहा महिन्यांत तेच चेपायला लागेल. "सहाची झाली की शिवून घ्या. तोवर पुढून उघडता येईल असं घ्या."

सहा आठवडे तिच्या पाठीवर काहीही चढवलं नाही. जमिनीवरून काम केलं, रोज खरारा करताना तीच जागा दाबून बघितली. ज्या दिवशी दाबल्यावर तिने कान हलवले नाहीत, त्या दिवशी नवं खोगीर मागवलं.

आता मूळ विषयाकडे. मी घेतलं ते सिंथेटिक, सर्वसाधारण स्वारीचं, बदलत्या गलेटचं खोगीर. असली खोगिरं एकाहून जास्त कंपन्या बनवतात आणि रचना थोड्याफार फरकाने सारखीच असते, म्हणून हे परीक्षण कंपनीचं नसून प्रकाराचं समजा. पुढच्या उंचवट्याच्या आत पोलादाची एक कमानदार प्लेट असते. तीच गलेटची रुंदी आणि कोन ठरवते. वेगवेगळ्या रुंदीच्या प्लेटा मिळतात, प्रत्येक मापाला वेगळा रंग. घोडा रुंदावला की प्लेट बदलायची, खोगीर तेच.

पहिली प्लेट मी स्वतः बसवली. खोगीर उलटं करून मांडीवर घेतलं. पुढच्या गाद्या जिथे सांगाड्याला चिकटवलेल्या असतात ती वेल्क्रोची पट्टी दोन्ही हातांनी ओढून सोडवावी लागते. पहिल्या वेळी इतका जोर लागला की फाटतंय असंच वाटलं. आत प्लेट दिसते, दोन्ही बाजूंना स्क्रू. ते काढले, जुनी प्लेट ओढून काढली, नवी सरकवली. खरी मेख इथे आहे: दोन्ही बाजूंचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. मी एक बाजू पुरती आवळून मग दुसरीकडे वळले, तर दुसऱ्या बाजूचं भोक जुळेचना. पुन्हा सैल करून, आळीपाळीने घेतल्यावर पाच मिनिटांत बसलं. वेल्क्रो परत लावताना गादी सुरकुतली नाही ना हे तळहात फिरवून बघा. आतली एक सुरकुती घोड्याला माझ्या त्या चेपलेल्या बोटांइतकीच लागेल.

पहिल्यांदा पाठीवर ठेवलं तेव्हा काकांनी शिकवलेल्या क्रमाने तपासलं. खोगीर मुद्दाम थोडं पुढे ठेवून मागे सरकवत आणायचं, ते आपसूक जिथे थांबेल तीच त्याची जागा. विदर्स आणि कमान यांच्यात दोन ते तीन बोटं मोकळी हवीत, आणि ती मी वर बसल्यावरही राहायला हवीत. मागून पाहिल्यावर कण्याच्या रेषेवर उजेड आरपार दिसायला हवा. मग गादीखालून पुढून मागे सपाट हात फिरवायचा. पुढे आणि मागे टेकलंय आणि मधे पोकळी आहे, असं असेल तर भार चारच कोपऱ्यांवर येतो. बैठकीचा सगळ्यात खोल भाग मधोमध हवा. मागे कललेला असेल तर आपलं सगळं वजन तिच्या कंबरेवर. शेवटी खांद्यामागे तोच हात, तीच चाल. या वेळी हाड मागे आलं, बोटांना घासून गेलं आणि पुढे निघून गेलं.

तंग आवळताना तिने पोट फुगवायचं सोडलं नाही, हे मी लपवणार नाही. ती आठवण जायला जवळजवळ दोन महिने लागले. पण डावीकडे थबकणं तिसऱ्या स्वारीतच थांबलं. पुढचा पाय लांब पडायला लागला. वाळूत खुरांचे ठसे मोजले तर मागचा पाय आता पुढच्याच्या ठशावर पडत होता, जो आधी वीतभर मागे राहायचा. चाल मोकळी होणं म्हणजे काय, ते मला त्या वाळूत दिसलं.

चौदा महिन्यांत तीन प्लेटा झाल्या. अरुंदपासून सुरुवात, चौथ्या महिन्यात मध्यम, दहाव्या महिन्यात त्याच्या पुढची. दर सहा आठवड्यांनी मी पाठ पुठ्ठ्यावर उतरवून घेते आणि तारीख टाकते. प्लेट कधी बदलायची हे अंदाजाने ठरवायचं नसतं, पुठ्ठा सांगतो. हिरवा चारा भरपूर असतो तेव्हा ती तीन आठवड्यांत पोटापाठीने भरते, आजारी पडली की तितक्याच वेगाने उतरते. मध्यम प्लेट घातल्यावर ती एकदा खोकल्याने पंधरा दिवस पडून होती, तेव्हा महिनाभरासाठी पुन्हा अरुंद घालावी लागली. शिवलेल्या खोगिरात हे जमलं नसतं.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी अशी की प्लेट फक्त पुढचा भाग बदलते. गाद्यांचं वळण, पाठीच्या लांबीत असलेला बाक, मागचा कोन हे कारखान्यातून येतं तसंच राहतं. रेवाची पाठ पहिल्या वर्षी थोडी बाकदार होती तोवर उत्तम बसलं. बाराव्या महिन्यानंतर पाठीचा स्नायू भरून वर आला, पाठ सपाट झाली, आणि आता मागची टोकं किंचित उचललेली राहतात, मधे भार येतो. मी नमद्याऐवजी स्वच्छ पांढरं सुती कापड घालून वीस मिनिटं चालवून बघितलं. मळाचा ठसा मधे गडद आणि मागे जवळजवळ नाही. प्लेटने हे सुटणार नाही.

दुसरी तक्रार गादीच्या आतल्या भरणीबद्दल. माझ्या खोगिरात फोम आहे. लोकर भरलेली गादी उघडून, हव्या त्या जागी कमी-जास्त करून पुन्हा शिवता येते. उजवा खांदा भरलेला असेल तर त्या बाजूची लोकर थोडी काढायची, इतकं ते सोपं. फोमला ते होत नाही, तो जसा आहे तसा, आणि दबला की दबला. निरुपयोगी भर घालण्याला आपण खोगीरभरती म्हणतो, पण जनावराच्या बाजूने बघाल तर खोगिरात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ती भरतीच आहे. बाहेरचं चामडं माझ्यासाठी, आतली भरती तिच्यासाठी. रेवाच्या उजव्या खांद्यासाठी मला डावीकडे नमद्याच्या खिशात पातळ पट्टी घालून भागवावं लागलं.

नमद्यावरून आठवलं. इंग्रजी बोलणारे स्वार खोगिराखालच्या कापडाला नमना म्हणतात, तो शब्द आपल्या नमद्यावरूनच गेलेला आहे. तर, अरुंद खोगिराखाली जाड नमदा घालून त्रास कमी होतो हा समज कृपया सोडा. चावणाऱ्या बुटात जाड मोजा घालून बघा. चिमट्यात आणखी एक थर गेला की चिमटा घट्टच होतो. जाडी वाढवायची तर आधी प्लेट रुंद करायची.

वेल्क्रोत केस अडकतात, दर महिन्याला कंगव्याने काढावे लागतात, नाहीतर पकड सैल पडते. रिकिबीच्या पट्ट्यांखाली सिंथेटिक कापड चामड्यासारखं मऊ होत नाही. पहिले काही आठवडे माझ्या पोटऱ्या सोलवटल्या. वजन मात्र पाच किलोच्या आसपास, जुन्याहून तीनेक किलो कमी. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत राहावं असं साधारण म्हणतात, आणि कोवळ्या पाठीवर मी त्याच्याही बरंच खाली राहते, तेव्हा हे तीन किलो मला मोठे वाटतात. पाण्याने धुता येतं, हाही मोठा आराम.

एक गोष्ट कुठल्याच खोगिराने सुटली नाही. सातव्या महिन्यात तिचे पुठ्ठे विदर्सपेक्षा दोन सेंटीमीटर वर गेले आणि खोगीर प्रत्येक स्वारीत उताराला लागल्यासारखं खांद्यावर घसरायला लागलं. कोपराशी मागे वळण घेतलेला तंग वापरल्यावर थोडा फरक पडला, पुरेसा नाही. पाचव्या दिवशी मी स्वारी बंद केली आणि विदर्स वर येईपर्यंत सात आठवडे लांब दोऱ्यांवर काम केलं. त्या सात आठवड्यांत ती वळायला जितकी शिकली तितकी आधीच्या चार महिन्यांत पाठीवर बसून शिकवली नव्हती.

सांगाडाच नसलेलं खोगीरही मी कुणाचं तरी आणून दोनदा वापरून बघितलं. तिला अडचण वाटली नाही, पण उतरल्यावर रिकिबींच्या खालच्या दोन जागा तिच्या पाठीवर गरम लागल्या. सांगाड्याचं काम वजन पसरवण्याचं असतं. तरुण घोड्याला ते हवंच, असं माझं मत.

तीन ते सहा वर्षांच्या, अजून घडत असलेल्या घोड्यासाठी मी हे खोगीर पुन्हा घेईन. पण सपाट, बॅरलसारख्या पाठीच्या जनावराला बाकदार गादीचं हे मॉडेल घेऊ नका, प्लेट कितीही रुंद घातली तरी ते झुलेल. आणि दर दीड-दोन महिन्यांनी माप घ्यायची तयारी नसेल तर याचा उपयोग नाही. चुकीची प्लेट घातलेलं बदलतं खोगीर हे माझ्या पहिल्या चामड्याच्या खोगिराइतकंच वाईट.

रेवा आता साडेपाच पूर्ण झाली आहे. काल सगळे पुठ्ठे एकावर एक ठेवून खिडकीशी धरले. पहिल्याची रेघ उलट्या व्हीसारखी टोकदार, शेवटची कमानीसारखी उघडलेली, दोन्हींमध्ये खांद्यापाशी बोटभर अंतर. मागची टोकं उचलतात म्हणून सध्या स्वारी वीस मिनिटांवर आणली आहे. काका पुढच्या महिन्यात लोकर भरलेल्या दोन खोगिरांचे सांगाडे घेऊन येणार आहेत. अरुंद आणि मध्यम प्लेट तेलाचं बोट फिरवून डब्यात ठेवून दिल्यात. पागेत पावणेदोन वर्षांचं एक शिंगरू आहे, त्याला अजून वेळ आहे.